मजुरीच्या वादातून घडलेले संघराज्य: ऑस्ट्रेलियन हायकोर्टाची पहिली सतरा वर्षे

ऑस्ट्रेलियन हायकोर्टातला १९२० सालचा इंजिनियर्स खटला आपल्याकडे वाचला जातो तो केंद्र आणि राज्ये यांच्यातल्या अधिकारवाटपाचा धडा म्हणून. मूळ वाद दोन ओळींत उरकला जातो. तो वाद असा होता: एका कामगार संघटनेने देशभरातल्या मालकांकडे पगारवाढीची आणि कामाच्या अटींची मागणी केली. त्या मालकांत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य सरकारचे काही कारखानेही होते. राज्य सरकारचे म्हणणे पडले की आम्ही सरकार आहोत, केंद्राचा कामगार लवाद आम्हाला लागू होत नाही. त्याआधीच्या सतरा वर्षांतले त्या कोर्टाचे गाजलेले निकाल एकापुढे एक ठेवून पाहिले तर बहुतेकांच्या मुळाशी कोणाचा तरी पगार, कोणाच्या तरी कामाचे तास किंवा कोणाची तरी संघटना सापडते. घटनेचे मोठमोठे सिद्धान्त या भांडणांतून निघाले. हा धागा हाती न घेता ते निकाल वाचले तर ते कोरडे आणि परस्परविरोधी वाटत राहतात.

१८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बंदर कामगार, खलाशी आणि मेंढ्यांची लोकर कातरणारे मजूर यांचे मोठे संप झाले आणि मोडले गेले. घटनेचा मसुदा त्याच दशकात तयार होत होता. एका राज्याच्या हद्दीपलीकडे पसरणारे औद्योगिक तंटे समेट आणि लवाद यांनी मिटवण्याचा अधिकार केंद्राला द्यावा, ही सूचना १८९७ मध्ये फेटाळली गेली आणि १८९८ मध्ये मेलबर्नच्या बैठकीत २२ विरुद्ध १९ मतांनी मान्य झाली. कलम ५१ चे ३५ वे उपकलम ते हेच. तीन मतांच्या फरकाने आलेल्या या ओळीने पुढे कोर्टाला जितके काम दिले तितके फार थोड्या कलमांनी दिले असेल. लवादाचा कायदा करतानाच १९०४ या एका वर्षात दोन मंत्रिमंडळे गडगडली. पहिले पडले ते राज्य सरकारांचे नोकर या कायद्याखाली आणायचे की नाही, या प्रश्नावर. दुसरे पडले ते संघटनेच्या सभासदांना नोकरीत प्राधान्य द्यायचे की नाही, यावर. कायदा मंजूर झाला तो वर्षअखेरीस, तिसऱ्या सरकारच्या काळात, आणि त्यात राज्यांच्या रेल्वेतले कामगार समाविष्ट होते.

हायकोर्टाची पहिली बैठक ६ ऑक्टोबर १९०३ रोजी मेलबर्नला भरली. तीन न्यायाधीश होते आणि तिघांनीही घटना घडवण्यात भाग घेतला होता. सरन्यायाधीश त्याआधी क्वीन्सलँडचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) आणि मग तिथलेच मुख्य न्यायाधीश होते, दुसरे संघराज्याचे पहिले पंतप्रधान आणि तिसरे सिनेटर. घटनेत काय अभिप्रेत होते हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा आत्मविश्वास असणे स्वाभाविक होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे केंद्र आणि राज्ये आपापल्या क्षेत्रात सार्वभौम, आणि एकाने दुसऱ्याच्या कारभारात हात घालायचा नाही. घटनेत हे शब्दांत कुठेही लिहिलेले नव्हते. अमेरिकेत १८१९ मध्ये मॅकलॉक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात अशीच भूमिका घेतली गेली होती, ती या तिघांनी उचलली.

पहिला प्रसंग किरकोळ होता. पगाराच्या पावतीवर महसुली तिकीट लावून सही करण्याचा नियम आपल्याला परिचित आहे. टास्मानियात केंद्राच्या टपाल खात्यातल्या एका अधिकाऱ्याने राज्याचे तिकीट न लावता पगाराची पावती दिली आणि त्याला दंड झाला. १९०४ च्या डी’एम्डन विरुद्ध पेडर या निकालात हायकोर्टाने दंड रद्द केला: केंद्राच्या कामकाजावर राज्याला कर बसवता येत नाही. त्याच वर्षी डीकिन विरुद्ध वेब मध्ये केंद्रीय मंत्र्याच्या पगारावरचा राज्याचा आयकरही याच न्यायाने गेला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, वेब विरुद्ध आउट्रिम मध्ये नेमका उलटा निकाल दिला. त्यावर १९०७ मध्ये बॅक्स्टर खटल्यात हायकोर्टाने कलम ७४ वर बोट ठेवले. केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांच्या सीमेचा प्रश्न आपल्या परवानगीशिवाय लंडनला जाऊ शकत नाही, तेव्हा या विषयात प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. साम्राज्यातल्या एका वसाहतीच्या कोर्टाने असे म्हणणे त्या काळी धाडसाचे होते. शेवटी केंद्रानेच १९०७ मध्ये कायदा करून आपल्या नोकरांच्या पगारावर राज्यांना कर घेऊ दिला आणि हा वाद निवला.

पण तोपर्यंत तत्त्वाची दुसरी बाजू उघडली होती. १९०६ च्या रेल्वे कामगारांच्या खटल्यात कोर्टाने तोच नियम उलट दिशेने लावला. केंद्राला राज्याच्या कारभारात हात घालता येत नसेल, तर राज्याच्या रेल्वेतले कामगार केंद्राच्या लवादापुढे जाऊ शकत नाहीत. ज्या तरतुदीपायी एक सरकार पडले होते, ती अशा रीतीने रद्द झाली. व्हिक्टोरियातला रेल्वे संप होऊन तीनच वर्षे झाली होती. ज्या कामगारांचे गाऱ्हाणे सगळ्यांत ताजे होते, त्यांच्यासाठीच हे दार बंद झाले. डी’एम्डनपाशी कोणाचे फारसे बिघडले नव्हते. इथे हजारो माणसांचे बिघडले.

त्याच सुमारास कोर्टावर आणखी दोन न्यायाधीश आले. दोघेही व्हिक्टोरियाचे, दोघेही घटना घडवणाऱ्या बैठकांना हजर असलेले, पण मसुदा समितीत नसलेले. लवादाचे उपकलम ज्याने मांडले होते, तो त्यांतलाच एक. तोच पुढे लवाद कोर्टाचा अध्यक्ष झाला आणि नोव्हेंबर १९०७ मध्ये त्याने हार्वेस्टरचा निवाडा दिला. अबकारीचा कायदा असा होता की शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखानदाराने योग्य आणि रास्त मजुरी दिली तर त्याला कर माफ. मग रास्त म्हणजे किती? निवाडा म्हणाला, सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून जगणाऱ्या सामान्य कामगाराच्या गरजा भागतील इतकी. अकुशल मजुराला दिवसाला सात शिलिंग, आठवड्याला बेचाळीस. मालकाला किती परवडते हा हिशेबाचा आरंभबिंदू राहिला नाही. पण ज्या कायद्यावर हा निवाडा उभा होता, तोच हायकोर्टाने जून १९०८ मध्ये बार्जर खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. कराच्या नावाखाली केंद्र मजुरीचे नियमन करते आहे आणि तो विषय राज्यांसाठी राखलेला आहे, असे तिघा जुन्यांचे मत. दोघे नवे विरोधात. माल संघटनेच्या कामगारांनी बनवल्याची खूण सांगणाऱ्या लेबलाचा कायदा त्याच वर्षी तसाच गेला. १९०९ मध्ये हडार्ट पार्कर खटल्यात व्यापारी कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याची महत्त्वाची कलमे गेली.

घटना बदलून हा अडसर दूर करायचा प्रयत्न मजूर पक्षाच्या सरकारने केला. १९११ चे सार्वमत सपशेल फसले, फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाने साथ दिली. १९१३ मध्ये सहा प्रश्न पुन्हा लोकांपुढे गेले. सहाही थोडक्यात हुकले, सहापैकी तीन राज्यांत बहुमत असूनही. १९१९ मध्ये पुन्हा नकार. १९२० चा निकाल वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. जनतेने तीनदा जे द्यायचे नाकारले होते, त्यातले बरेचसे कोर्टाने एका निकालाने दिले.

मधल्या काळात कोर्टही बदलले होते आणि देशही. १९१३ मध्ये न्यायाधीशांची संख्या पाचावरून सात झाली. मूळ तिघांपैकी एक १९१२ मध्ये वारला, सरन्यायाधीश १९१९ मध्ये निवृत्त झाले, तिसरा जानेवारी १९२० मध्ये गेला. महायुद्धात केंद्राने सगळ्या देशाचा कारभार आपल्या हाती घेतला. १९१६ मध्ये मेलबर्नच्या एका पाववाल्याने ठरवून दिलेल्या भावापेक्षा जास्त घेतले म्हणून चाललेल्या खटल्यात (फेरी विरुद्ध बर्व्हेट) संरक्षणाच्या अधिकाराखाली पावाची किंमतही केंद्र ठरवू शकते, असे बहुमताने ठरले. १९१९ मध्ये नगरपालिकांच्या कामगारांच्या खटल्यात नगरपालिका म्हणजे राज्याचे अंग नव्हे असे म्हणून त्यांना लवादाखाली आणले गेले. जुना सिद्धान्त अजून जिवंत होता, पण त्याचे रक्षक उरले नव्हते.

आता मूळ खटल्याकडे. संघटनेने आठशेहून जास्त मालकांना मागणीपत्र दिले होते. सरकारी मालकांत पश्चिम ऑस्ट्रेलियाचा यंत्रांचा कारखाना आणि लाकूड गिरण्या होत्या. संघटनेचा वकील पंचवीस वर्षांचा होता, पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. सुरुवातीला त्याने जुन्या चौकटीतलाच युक्तिवाद केला की लाकूड कापून विकणे हे सरकारचे सरकारी काम नव्हे, तो व्यापार आहे. त्याने उतारवयात सांगितलेली हकीकत अशी: एका न्यायाधीशाने त्याला हा युक्तिवाद निरर्थक असल्याचे सुनावले. त्याने ते मान्य केले आणि तुमच्याच जुन्या निकालांमुळे मला असे बोलावे लागते आहे, असे उत्तर दिले. मग ते निकालच चुकीचे आहेत असे का म्हणत नाही, असा प्रश्न आला. सुनावणी पुढे ढकलली गेली आणि सर्व राज्यांना बाजू मांडायला बोलावण्यात आले. आपले आधीचे निकाल तपासायची कोर्टाचीच तयारी होती, हे एवढ्यावरून दिसते.

३१ ऑगस्ट १९२० चा निकाल पाच विरुद्ध एक असा लागला. चौघांचे निकालपत्र एकत्र होते. हार्वेस्टरचा निवाडा देणाऱ्या न्यायाधीशाने वेगळे लिहिले, पण निष्कर्ष तोच. चौघांचे म्हणणे थोडक्यात असे: घटना हा १९०० साली ब्रिटिश संसदेने केलेला कायदा आहे आणि तो कायद्यासारखाच, शब्दांच्या स्वाभाविक अर्थाने वाचायचा. केंद्राचा अधिकार किती, हे आधी त्याच्याच शब्दांवरून ठरवायचे. राज्यांसाठी काय शिल्लक राहायला हवे याची कल्पना मनात धरून तो कापायचा नाही. अमेरिकेचे दाखले इथे लागू नाहीत, कारण आपल्याकडे राजसत्ता एक आणि अविभाज्य आहे आणि मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार आहे. अधिकाराचा गैरवापर झालाच तर मतदार बघून घेतील. डी’एम्डनचा निष्कर्ष मात्र त्यांनी राखला, केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा यांत विरोध आला तर केंद्राचा टिकेल असे सांगणाऱ्या कलम १०९ वर त्याला बसवून. कर आणि राजाचे खास हक्क या दोन विषयांवर अंतिम मत द्यायचे त्यांनी टाळले.

या निकालपत्राबद्दल शंभर वर्षे वाद चालू आहे आणि तो चालू राहावा असेच ते लिहिले गेले आहे. निष्कर्ष बरोबर होता असे मला वाटते. लाकूड गिरणीतल्या मजुराचा मालक राज्य सरकार असले म्हणून त्याच्या मजुरीचा प्रश्न वेगळा होत नाही. पण दिलेली कारणे त्या निष्कर्षाला पुरत नाहीत. घटनेच्या शब्दांत नसलेले गृहीतक वापरल्याचा ठपका जुन्या तिघांवर ठेवताना चौघांनी स्वतः दोन गृहीतके वापरली. राजसत्तेची अविभाज्यता कुठल्याही कलमात सांगितलेली नाही, आणि मंत्री संसदेला जबाबदार असतात हेही घटनेच्या शब्दांपेक्षा ब्रिटिश प्रथेतून जास्त येते. शिवाय ज्या घटनेने संघराज्याची रचना उघडपणे अमेरिकेवरून घेतली, तिच्या अर्थासाठी अमेरिकेकडे पाहायचेच नाही हा आग्रह ताणलेला आहे. जुन्या तिघांचे गृहीतक चुकीचे असेल, पण त्यांनी ते लपवले नव्हते. नव्या चौघांनी आपले गृहीतक शब्दार्थाच्या आड ठेवले. देश युद्धातून बाहेर पडला आहे, तो आता सहा वसाहतींचा करार उरलेला नाही, एक राष्ट्र झाला आहे, हे खरे कारण त्या निकालपत्रात स्वच्छ लिहिलेले नाही. ते लिहिले गेले १९७१ मध्ये, पे-रोल टॅक्सच्या खटल्यात. जुने निकाल त्यांच्या काळात चुकीचे होते असे नाही, बदललेल्या राष्ट्राने घटना नव्या उजेडात वाचली, असे तेव्हा एका न्यायाधीशाने मांडले. १९२० मध्ये हेच सरळ सांगितले असते तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

गोंधळ झाला तो असा. न्यू साउथ वेल्सने १९२५ मध्ये आठवड्याला ४४ तासांचा कायदा केला होता आणि केंद्रीय लवादाचा निवाडा ४८ तासांचा होता. कोर्टाने १९२६ मध्ये कलम १०९ खाली ४८ तास टिकवले, म्हणजे इथे विस्तारलेला केंद्रीय अधिकार कामगारांना नडला. १९४७ मध्ये राज्यांना आणि नगरपालिकांना सरकारी बँकेतच व्यवहार करायला लावणारी तरतूद रद्द करताना, राज्यांचे अस्तित्वच खिळखिळे करणारे कायदे केंद्राला करता येणार नाहीत असा मर्यादित संरक्षणाचा नियम परत आला. २००६ मध्ये कामगार संबंधांचा केंद्रीय कायदा पाच विरुद्ध दोन मतांनी टिकला, तो कंपन्यांविषयीच्या अधिकारावर. त्याला आव्हान देणाऱ्यांत कामगार संघटना होत्या आणि त्यांना हरवणारी वाचनाची पद्धत १९२० मध्ये एका संघटनेनेच जिंकून दिलेली होती.

भारतात या काळाचा ठसा अधिकारवाटपापेक्षा कामगार कायद्यात जास्त खोल उमटला आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पेट्रोल विक्रीकराच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने १९३८ मध्येच सांगितले होते की अधिकारवाटपाच्या बाबतीत परदेशी निकाल फार सावधपणे वापरावेत. कामगारांच्या बाबतीत मात्र आपल्या न्यायालयांनी हात आखडता घेतला नाही. हार्वेस्टरचा दाखला १९५८ च्या एक्सप्रेस न्यूजपेपर्स निकालात जीवनवेतनाच्या चर्चेत आला. भांडवल आणि श्रम यांच्या सहकार्याने माणसांच्या गरजा भागवणे म्हणजे उद्योग, ही १९१९ च्या नगरपालिका खटल्यातली मांडणी सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये बंगालमधल्या एका नगरपालिकेच्या प्रकरणात उद्धृत केली. १९६० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्डातल्या नोकरांच्या खटल्यात आणि नागपूर महापालिकेच्या खटल्यात तोच विचार पुढे गेला. औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने रुग्णालय हा उद्योग ठरला आणि महापालिकेची बहुतेक खातीही.

शिक्षकांचा प्रश्न दोन्हीकडे अडला. ऑस्ट्रेलियात १९२९ मध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांचा वाद हा औद्योगिक तंटा नाही असे ठरले. विरोधी मत एकट्याचे होते, १९०६ मध्ये आलेल्या आणि १९२० च्या निकालपत्राचा कर्ता असलेल्या न्यायाधीशाचे. तिथे तो निकाल १९८३ मध्ये उलटला. भारतात १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात शिक्षण हा उद्योग नाही असे म्हटले गेले. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने ते मोडीत काढले, आणि तसे करताना त्या एकट्या ऑस्ट्रेलियन न्यायाधीशाच्या विरोधी मताचा आधार घेतला. त्यानंतर १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. शाळा उद्योग आहे, पण शिकवणारी शिक्षिका कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असे तिथे ठरले आणि तिला औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मिळाली नाही.