रस्ता रुंद केला म्हणजे कोंडी सुटते?

‘शहर आधी फुगतं, रस्ता बिचारा मागून येतो; तो रुंद केला की कोंडी सुटली,’ हे पालुपद वर्षानुवर्षं ऐकू येतं. केनियाच्या राजधानीत, नैरोबीत घडलं ते वेगळंच.

नैरोबी ते थिका हा सुमारे 50 किलोमीटरचा महामार्ग 2012 मध्ये नव्या रूपात खुला झाला. काही भागात आठ पदरी. प्रवासाचा वेळ घटला, हे खरंच. पण वेळ घटताच लांबची जमीन ‘जवळची’ झाली. वाटेवरच्या रुइरू, जुजा या गावांच्या बाजूला कॉफीच्या मळ्यांचे प्लॉट पडले, भाड्याच्या खोल्यांच्या चार-पाच मजली चाळी उठल्या. एकट्या रुइरूची लोकसंख्या 2009 ते 2019 या दोन जनगणनांमध्ये जवळपास दुप्पट झाली. सगळं श्रेय रस्त्याचं नव्हे. नैरोबीतली महाग घरंही त्याला कारणीभूत आहेत. मात्र वाढ कुठल्या दिशेला पळणार, ते डांबरानं ठरवलं.

सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शाळा मात्र मागे रेंगाळल्या. (जमिनीचे दलाल नव्हे, ते सर्वांत आधी पोचतात!) नवे रहिवासी कामाला नैरोबीतच जातात, मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये बसून. त्यामुळे सकाळची रांग पुन्हा लागते, फक्त आता ती आणखी लांबून सुरू होते.