फ्लॅट नंबर जवानापर्यंत पोहोचतो कसा?

१४ जून २०१७ च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये अडकलेले रहिवासी ९९९ या ब्रिटनच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून आपला मजला, फ्लॅट आणि सोबत किती जण आहेत ते सांगत होते. ही माहिती मिळूनही सगळ्यांपर्यंत मदत पोहोचली नाही. ७२ जणांचा जीव गेला. इमारतीबाहेरच्या ज्वालाग्राही आवरणामुळे आग झपाट्याने पसरली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. निरोपांचं त्या रात्री काय झालं, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फोन घेतले जात होते स्ट्रॅटफर्डच्या नियंत्रण कक्षात, घटनास्थळापासून कित्येक किलोमीटर दूर. तिथून माहिती इमारतीजवळच्या कमांड गाडीत जायची, कागदावर उतरवली जायची आणि मग वॉकीटॉकीवरून किंवा माणसाच्या हाती चिठ्ठी देऊन आत, जिथून जवान वर जात होते तिथे पोहोचायची. दरम्यान रहिवासी धुरामुळे दुसऱ्याच मजल्यावर गेलेले असायचे. उलट दिशेची वाट तर आणखी बिकट होती: कुठल्या फ्लॅटपर्यंत जवान पोहोचले, हे फोनवर धीर देणाऱ्यांना कळतच नव्हतं. पोलिसांचं हेलिकॉप्टर वरून चित्रण करत होतं, पण ते चित्र खालच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना दिसत नव्हतं.

वॉकीटॉकी का दगा देते? अग्निशमन दलाचे हातातले संच साधारण ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे तरंगलांबी सुमारे ६७ सेंटिमीटर. सळयांची जाळी असलेलं काँक्रीट या लहरी परतवतं आणि शोषतंही. त्यात, धुरात जाणाऱ्या जवानाचा संच ठिणगी पडून वायू पेटणार नाही असा बनवावा लागतो, त्यामुळे त्याची शक्ती कमी, जेमतेम १ वॉट. ती ५ वॉट केली तर? संदेश पाचपट जोरकस होतो, पण दोन-तीन स्लॅब ओलांडताना तो फायदा संपून जातो. शिवाय एकाच चॅनलवर दोघांनी एकदम बटण दाबलं, तर दोघांचंही बोलणं विस्कटतं.

म्हणून शक्ती वाढवण्यापेक्षा वाट सोपी करणं शहाणपणाचं. जिन्यातून केबल न्यायची आणि तिच्या आवरणाला ठरावीक अंतरावर फटी ठेवायच्या. त्या फटींतून लहरी बाहेर झिरपतात, आत शिरतात आणि प्रत्येक मजल्यावर संपर्क राहतो. दुसरा मार्ग रिपीटरचा: संदेश ऐकून तो जोरात पुन्हा प्रसारित करणारं यंत्र. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर असा रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ ला त्याचं एक बटण दाबलं गेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर टॉवरमधल्या अधिकाऱ्यांना यंत्र बंद आहे असं वाटलं आणि त्यांनी ते वापरलंच नाही. यंत्र खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना वाचायला हवी. सराव नसेल तर चांगलं उपकरणही ऐन वेळी कामाला येत नाही.

ग्रेनफेलच्या चौकशीचा पहिला अहवाल न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. संपर्कातल्या या उणिवांवर त्यात स्पष्ट बोट ठेवलं आहे. त्यानंतर लंडनच्या दलाने चिठ्ठ्यांची जागा संगणकीय नोंदीला दिली. नियंत्रण कक्षात टाइप केलेला फ्लॅट नंबर कमांड गाडीत आणि इमारतीतल्या टॅबलेटवर लगेच दिसतो. ड्रोन आणि उंच शिड्याही आल्या. छायाचित्रांत त्याच झळकतात, पण माझ्या मते खरी सुधारणा ही टॅबलेटवरची ओळ आहे.

एक अडचण अजून उरते. मोबाइल आता तुमचं ठिकाण आपोआप कळवू शकतो, पण जीपीएस इमारत दाखवतं, मजला खात्रीने सांगत नाही. मुंबई-पुण्यातल्या टॉवरमधून १०१ किंवा ११२ लावाल, तेव्हा इमारतीचं नाव, विंग, मजला आणि फ्लॅट नंबर आधी सांगा. फोन कट झाला तरी तेवढी माहिती पोहोचलेली असेल.