आरशाचा मुलामा उतरवणे (सूर्यनिरीक्षणासाठी)

परावर्तक दुर्बिणीच्या मुख्य आरशावरील ॲल्युमिनियमचा किंवा चांदीचा पातळ थर काढून टाकून, उरलेल्या नुसत्या काचेच्या अल्प परावर्तनाने सूर्य पाहण्याची पद्धत. या थराला बोलण्यात ‘पारा’ म्हणतात. कथील व पारा यांच्या मिश्रणाने आरसे करण्याच्या जुन्या रीतीतून हे नाव उरले आहे. दुर्बिणीच्या आरशात पारा नसतो. घरातील आरशाचा थर काचेच्या मागे असतो, दुर्बिणीच्या आरशाचा पुढच्या, घासून अंतर्वक्र केलेल्या पृष्ठावर. थर गेला तरी तो आकार काचेत कायम राहतो आणि प्रतिमा पूर्वीच्याच ठिकाणी पडते, फक्त मंद.

उगम : उघड्या काचेच्या आरशाने सूर्य पाहण्याच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दिले जाते. १८४०च्या दशकातील त्यांच्या लेखनात अशा दुर्बिणीची सूचना आढळते. मात्र तिला ‘मुलामा उतरवणे’ म्हणणे कालक्रमाला धरून नाही. त्या काळी परावर्तक दुर्बिणींचे आरसे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे असत. त्यांच्यावर मुलामा नव्हताच. काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचा आरसा करण्याची रीत जर्मनीतील श्टाइनहाइल आणि फ्रान्समधील फूको या शास्त्रज्ञांनी १८५६-५७च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रचारात आणली. म्हणजे सूर्यासाठी सुचवलेला उघडा काच-आरसा हा मुलामा दिलेल्या काच-आरशापेक्षा जुना ठरतो. त्यामुळे दिलेला थर मुद्दाम काढण्याची प्रथा १८५७ नंतरची असणार, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. ती एका व्यक्तीची युक्ती नसावी. चांदी काही महिन्यांत काळवंडते आणि आरसा पुनःपुन्हा धुऊन नव्याने चंदेरी करावा लागतो; दोन मुलाम्यांमधल्या काळात उघडी काच निरीक्षकाच्या हाताशी आपोआपच येई, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फूको यांनी १८६६ मध्ये नेमका उलटा मार्ग सुचवला होता : भिंगाच्या दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर चांदीचा विरळ थर चढवून बहुतेक प्रकाश बाहेरच परतवणे. आजची सौर फिल्म (दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचा, बहुतेक प्रकाश परतवणारा पातळ पडदा) ही त्याच कल्पनेची वारस होय. ॲल्युमिनियमचा मुलामा १९३०च्या दशकात रूढ झाला.

प्रकाशाचा हिशेब : काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी किती परततो हे तिच्या प्रणमनांकावर (काच प्रकाश किती वाकवते ते दाखवणाऱ्या अंकावर) ठरते. साध्या जाड काचेसाठी (प्रणमनांक सु. १·५२) हे प्रमाण ४ टक्क्यांहून किंचित जास्त, तर बोरोसिलिकेट (उष्णतेने कमी प्रसरण पावणाऱ्या) काचेसाठी (सु. १·४७) ३·७ टक्क्यांच्या आसपास आहे. ॲल्युमिनियमचा आरसा सु. ८८ ते ९० टक्के प्रकाश परतवतो. सहा इंची (सु. १५० मिमी.) आरशावर भर उन्हात साधारण १७ वॉट ऊर्जा पडते. नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) १,२०० मिमी. असल्यास ती ११ मिमी. व्यासाच्या सूर्यबिंबात गोळा होते. मुख्य आरसा आणि प्रकाश नळीच्या बाजूला वळवणारा छोटा सपाट, तिरपा आरसा हे दोन्ही मुलाम्याचे असतील तर यांपैकी सु. १४ वॉट नेत्रिकेपर्यंत (डोळा लावायच्या भिंगापर्यंत) पोहोचतात. मुख्य आरसा उघडा केल्यास सु. ०·६ वॉट, आणि दोन्ही उघडे केल्यास त्याच्याही विसाव्या हिश्श्याइतके.

दोन्ही आरसे उघडे केल्यावर मूळ प्रकाशाचा सु. पाचशेवा भाग उरतो. डोळ्याने सूर्य सुरक्षितपणे पाहण्यासाठी तो सु. एक लाखावा भाग असावा लागतो, म्हणजे आणखी निदान दोनशेपट घट हवी. मुलामा उतरवणे ही पहिली पायरी आहे, संरक्षण नाही; या विषयावरच्या लोकप्रिय लिखाणात ही गोष्ट अनेकदा निसटते. उरलेली घट नेत्रिकेजवळच्या, हजारपट प्रकाश अडवणाऱ्या करड्या फिल्टरने साधतात. मुलाम्याच्या दुर्बिणीत तेथील फिल्टर उष्णतेने तडकू शकतो. येथे ऊर्जा आधीच घटलेली असल्याने तो टिकतो. परंतु छायाचित्रणासाठीचे काही करडे फिल्टर दृश्य प्रकाश अडवतात आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जाऊ देतात. ते येथे वर्ज्य आहेत. उघड्या काचेची जमेची बाजू अशी की तिचे परावर्तन जंबुपार (अतिनील) किरणांपासून जवळच्या अवरक्तापर्यंत जवळजवळ सारखेच अल्प असते.

तिरपा आरसा ४५ अंशांत असल्याने त्यावरून परतणारा प्रकाश बराचसा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो. त्यामुळे नेत्रिकेत ध्रुवक (एकाच दिशेचे कंप जाऊ देणारा फिल्टर) बसवून फिरवल्यास तेज कमीजास्त करता येते. ध्रुवक करड्या फिल्टरच्या जोडीला वापरायचा असतो, त्याच्याऐवजी नव्हे.

मागचे पृष्ठ : आरशात शिरलेला सु. ९५ टक्के प्रकाश मागे जातो. पुढचे पृष्ठ अंतर्वक्र व मागचे सपाट असल्याने आरसा या प्रकाशासाठी अपसारी (किरण पसरवणारे) भिंग ठरतो आणि मागे तो एकवटत नाही. मागचे पृष्ठ गुळगुळीत असेल तर तेथूनही ४ टक्के प्रकाश परततो. तो नळीत पसरून प्रतिमेवर धूसर पडदा आणतो. म्हणून मागची बाजू खरखरीत ठेवतात व तळ उघडा सोडतात किंवा काळा रंगवतात. तिरप्या आरशाच्या मागच्या पृष्ठामुळे सूर्याची दुसरी, सरकलेली प्रतिमा दिसते. तो पाचरीच्या आकाराचा असल्यास ती दृष्टिक्षेत्राबाहेर जाते. हिरवट छटेची काच लोहामुळे अधिक तापते आणि तिचा आकार काही काळ बिघडतो. बोरोसिलिकेट काच कमी प्रसरण पावत असल्याने हा दोष तिच्यात कमी.

कृती : ॲल्युमिनियमचा थर सु. ०·१ मायक्रॉन जाडीचा असतो. तो फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या कोरण्यासाठीचे हे द्रव्य काचेला धक्का लावत नाही. कपड्यांवरचा त्याचा पिवळट तपकिरी डाग मात्र जात नाही. कॉस्टिक सोडा काम लवकर उरकतो, पण तो काचेवरही क्रिया करतो, म्हणून जास्त वेळ ठेवू नये. चांदीसाठी विरल नायट्रिक आम्ल वापरतात. ॲल्युमिनियमवर सिलिकाचा संरक्षक थर असल्यास द्रावण त्यातील सूक्ष्म छिद्रांतूनच आत जाते आणि काही तास लागू शकतात. या वेळी घाई करून घासल्यास पृष्ठावर ओरखडे पडतात. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन आरसा उभा सुकवतात. मुलामा पुन्हा चढवायला निर्वात कक्ष लागतो. गावच्या कल्हईवाल्याचे हे काम नव्हे. त्यामुळे चांगल्या मुलाम्याचा आरसा यासाठी खराब करण्यापेक्षा, स्वतः घासलेला आरसा मुलाम्याला पाठवण्यापूर्वी किंवा जुना मुलामा खराब झाल्यावर सूर्यासाठी वापरणे शहाणपणाचे.

खानदेशातील संदर्भ : ग्रहणाच्या वेळी परातीत पाणी घेऊन त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची रीत येथेही परिचित आहे. तत्त्वतः ती हीच पद्धत होय. पाण्याचा पृष्ठभाग सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सु. २ टक्के परतवतो, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना हे प्रमाण कितीतरी वाढते. सकाळ-संध्याकाळच्या ग्रहणात परात म्हणूनच फसवी असते. दुपारीही ती सुरक्षित नाही.

सूर्यतेजाच्या अडचणीचा उल्लेख भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) सिद्धान्तशिरोमणीत येतो : सूर्याचा बाराव्या भागापेक्षा कमी ग्रास तेजाच्या तीव्रतेमुळे जाणवत नाही, म्हणून तो वर्तवू नये. भास्कराचार्यांचा या भागाशी संबंध चाळीसगावजवळच्या पाटण (पाटणादेवी) येथील शिलालेखावरून जोडला जातो. त्यात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद असून काळ इ. स. १२०७च्या सुमाराचा आहे. त्यांचे गाव विज्जडविड पाटणजवळच होते, असे एक मत आहे. दुसरे मत विजापूरकडे झुकते. शिलालेखातून सिद्ध होते ते नातवाचे पाटण, आजोबांचे जन्मगाव नव्हे.

निरीक्षणाच्या दृष्टीने जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो : मेच्या अखेरच्या आठवड्यात, आणि जुलैमध्ये पावसाळी ढगांआड. डॉब्सन बैठकीची (आडव्या व उभ्या दिशेत फिरणाऱ्या साध्या बैठकीची) दुर्बीण शिरोबिंदूजवळ फिरवणे अवघड जाते. त्याहून मोठी अडचण हवेची. काळी जमीन तापली की झळांमुळे सूर्याची कडा उकळल्यासारखी दिसते. सूर्यावरील कणिका (त्याच्या पृष्ठावर दिसणारे दाण्यांसारखे ठिपके) सु. १,००० किमी. आकाराच्या, म्हणजे दीड विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आतबाहेर असतात. त्या दिसण्यासाठी हवा फारच स्थिर हवी. उदयपूरची सौर वेधशाळा तलावात बांधली आहे ती याच कारणाने. उघड्या आरशाचा खरा लाभ, म्हणजे फिल्मविना मिळणारी स्वच्छ प्रतिमा, खानदेशात हिवाळ्यातील सकाळी, सूर्य थोडा वर आल्यावर पण जमीन तापण्यापूर्वी संभवतो. एरवी केवळ डाग मोजायचे असतील तर दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची सौर फिल्म पुरेशी आहे आणि स्वस्तही.

शोधक दुर्बिणीवर (मुख्य दुर्बिणीला जोडलेल्या, लक्ष्य शोधण्याच्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण ठेवावे लागते, कारण तिचे भिंग उघडेच असते. उघड्या आरशाच्या नळीवर तसे ठळक लिहून ठेवण्याची पद्धत आहे. त्याच नळीत पुढे मुलाम्याचा आरसा बसवल्यास ती खूण पुसून टाकणे आवश्यक असते.