मनगटावरचं टेंगूळ: गँगलियन की चरबीची गाठ?

आमच्याकडे अंगावर कुठेही न दुखणारं टेंगूळ आलं की त्याचं नाव ठरलेलं असतं: चरबीची गाठ. माझ्या उजव्या मनगटाच्या पाठीवर निंबोळीएवढं काहीतरी वर आलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केलं. आईने आंबेहळदीचा लेप सुरू केला, मी भजी सोडली. निघालं ते गँगलियन. त्यात चरबीचा कणही नव्हता. (आणि चरबीची गाठ असती तरी भजी सोडून ती विरघळली नसती.)

गँगलियन म्हणजे सांध्याच्या किंवा स्नायूच्या दोरीच्या आवरणातून वर आलेला फुगा. बारीक देठाने तो खाली जोडलेला असतो आणि आत घट्ट, पारदर्शक जेली असते. लायपोमा, म्हणजे खरी चरबीची गाठ, हा कातडीखाली जमलेला चरबीच्या पेशींचा मऊ पुंजका. सांध्याशी त्याचं सहसा काही देणंघेणं नसतं. तो जास्त करून पाठ, खांदे, दंड, मांड्यांवर आणि बहुधा चाळिशीनंतर दिसतो. गँगलियनचं आवडतं ठिकाण मनगट. 60 ते 70 टक्के गँगलियन मनगटाच्या पाठीवरच येतात, बरेचसे विशी ते चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक.

बोटाने दाबून पाहा. लायपोमा पिठाच्या गोळीसारखा मऊ लागतो आणि कडेला दाबला की बोटाखालून निसटतो. गँगलियन ताणलेल्या रबरी चेंडूसारखं लागतं, फारसं हलत नाही. तळहात खाली झुकवला की ते ठळक होतं, सरळ केला की निम्मं लपतं. पुष्कळ काम पडलं की फुगतं, विश्रांतीने बसतं. असा चढउतार लायपोमात नसतो, तो वर्षानुवर्षं हळूहळूच वाढतो. सूर्यनमस्कारात तळहातांवर भार आला की मनगटात कळ येत असेल, तर संशय गँगलियनवरच घ्यावा.

डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवून माझ्या गाठीला कडेने छोटा टॉर्च टेकवला. अख्खी गाठ कंदिलाच्या काचेसारखी लालसर उजळली. आत द्रव असल्याची ही खूण. चरबीतून सहसा इतका स्वच्छ उजेड येत नाही. तरी शंका राहिली तर सोनोग्राफी.

उपायांच्या वाटाही वेगळ्या. लायपोमा आपणहून सहसा जात नाही. त्रास नसेल तर राहू द्यावा, नको असेल तर काढून टाकावा, तो क्वचितच परत येतो. गँगलियन मात्र न छेडता सोडलं तर जवळपास निम्म्या लोकांत कधीतरी आपोआप जिरतं. सुईने जेली काढता येते, पण देठ तसाच राहतो, म्हणून निम्म्याहून अधिक वेळा ते पुन्हा भरतं. शस्त्रक्रियेत देठासकट काढतात. परतण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. शिवाय व्रण आणि काही काळ मनगट आखडणं आलंच. तळहाताच्या बाजूचं गँगलियन बहुतेकदा नाडी बघतो त्या धमनीला खेटून असतं, तिथे सुई घालायला डॉक्टरही कचरतात. जाड पुस्तक आपटून ते फोडायचा जुना उपाय कोणी सुचवला तर हात मागे घ्या. हाड दुखावतं आणि गाठ परत येते ती येतेच.

गाठ दगडासारखी टणक असेल तर ती दोन्हींपैकी काही नसून हाडाचाच उंचवटा असू शकतो, तो एक्स-रेत दिसतो. भराभर वाढणारी, रात्री ठणकणारी, लाल व गरम झालेली किंवा बोटांना मुंग्या आणणारी गाठ असेल तर घरी टॉर्च घेऊन बसू नये, सरळ ऑर्थोपेडिककडे जावं.

मला डॉक्टरांनी नुसतं थांबायला सांगितलं. सातआठ महिन्यांनी कणीक मळताना लक्षात आलं की टेंगूळ जागेवर नाही. लेप बंद करून तोवर अर्धं वर्ष झालं होतं, पण श्रेय आईने आंबेहळदीलाच दिलं.