गटात बसलेली मुलं आणि गटानं शिकणारी मुलं

बाकं वळवली, चौघाचौघांना एकत्र बसवलं, मध्ये एक कार्डशीट ठेवला आणि "गटात चर्चा करा" म्हटलं की गटकार्य सुरू होतं. सहकारी अध्ययन चाललेला वर्गही दारातून असाच दिसतो: तीच वळवलेली बाकं, तोच गलबला. त्यामुळे शिकवणाऱ्यांना काय, वर्ग बघायला येणाऱ्यांना काय, दोन्ही एकच वाटतं. मुलांच्या पदरात मात्र फार वेगळं पडतं.

कोणता प्रकार चाललाय हे ओळखायचं असेल तर गटातल्या एका मुलाला उठवून बाजूला बसवा. काम तसंच पुढे चालू राहिलं तर ते गटकार्य. काम अडलं तर सहकारी अध्ययन.

गटकार्यात तक्ता एकच आणि स्केचपेनांचा संचही एकच. जिचं अक्षर चांगलं ती लिहिते, हुशार म्हणून ठरलेला मुलगा मजकूर सांगतो, तिसरी पट्टीने रेघा मारते आणि चौथा खिडकीबाहेर बघतो. तक्ता छान होतो, भिंतीवर लागतो, खाली चौघांची नावं येतात. तो चौथा मुलगा आळशी असतोच असं नाही. आपल्यावाचून काही अडत नाही, हे त्याने बरोबर ताडलेलं असतं. मोठ्यांचंही असंच होतं. माक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला लावून माणसांची ताकद मोजली होती. 1913 मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसतो.

सहकारी अध्ययनात कामाची बांधणीच अशी करतात की प्रत्येकावाचून अडावं. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ याच्या अटी सांगतात, त्यांतल्या दोन मला कळीच्या वाटतात: मुलं एकमेकांवर खरोखर अवलंबून हवीत आणि प्रत्येकाला आपापला हिशेब देता आला पाहिजे.

याचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे जिगसॉ पद्धत. 1971 मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती. भांडणं, मारामाऱ्या होत होत्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येक मुलाच्या हाती एकच तुकडा दिला आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर ठेवली. ज्याचं इंग्रजी कच्चं, अशा एका मुलाची बाकीचे आधी टिंगल करत होते. पण त्याच्याकडचा भाग दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही, हे कळल्यावर टिंगल थांबली आणि बाकीचे त्याला नीट प्रश्न विचारू लागले. मला या हकिगतीत ते प्रश्न महत्त्वाचे वाटतात. संवादकौशल्य म्हटलं की आपण धीट बोलणाऱ्या मुलाला टाळ्या देतो. अडखळणाऱ्याला बोलतं करणं हेही तितकंच मोठं कौशल्य आहे आणि ते शिकायची वेळ गटकार्यात येतच नाही. नंदुरबारकडे घरात भिली किंवा पावरी बोलून शाळेत मराठीशी झगडणारं मूल, किंवा ऊसतोडीहून परतून वर्षाच्या मध्येच वर्गात आलेलं मूल डोळ्यांसमोर आणा.

आपल्याकडचा एखादा पाठ असा करता येईल. विषय घ्या महाराष्ट्रातल्या नद्या. चौघांच्या गटात चार चिठ्ठ्या: त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी, महाबळेश्वरची कृष्णा, मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी तापी आणि कोकणातल्या आखूड, वेगवान नद्या. आधी वर्गातले सगळे गोदावरीवाले एकत्र बसतात, कृष्णावाले एकत्र, असे. आपला भाग वाचून तो कसा समजवायचा हे ते तिथेच ठरवतात. ही पायरी गाळू नये. बुजऱ्या मुलाची तालीम इथेच होते. मग सगळे आपापल्या मूळ गटात परततात आणि एकमेकांना शिकवतात. शेवटी फळ्यावर प्रश्न: अरबी समुद्र इतका जवळ असताना कृष्णा आणि गोदावरी बंगालच्या उपसागराकडे का जातात, आणि तापी पश्चिमेला का? सह्याद्री जलविभाजक आहे हे कोकणवाल्याला ठाऊक, पठाराचा उतार पूर्वेकडे आहे हे गोदावरी-कृष्णावाल्यांना, आणि तापी खचदरीतून वाहते हे फक्त तापीवालीला. चौघं बोलल्याशिवाय उत्तर जुळत नाही.

गुणांचं कोडंही इथेच सुटतं. गटाला मिळून सात गुण दिले की राबणाऱ्या मुलीच्या घरी तक्रार सुरू होते आणि ती तक्रार रास्त असते. जिगसॉमध्ये चाचणी प्रत्येकाची वेगळी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या पद्धतीत तर मुलाने स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती सुधारणा केली ते गटाच्या खात्यात जमा होतं. म्हणजे मागे असलेल्या मुलाला शिकवण्यात हुशार मुलाचाही फायदा.

म्हणून गटकार्य मोडीत काढायचं कारण नाही. सूक्ष्मदर्शक एकच आहे, परिसरातली पानं गोळा करायची आहेत, स्नेहसंमेलनासाठी भिंत सजवायची आहे, तिथे ते उत्तम. फक्त त्यातून मुलं संवाद शिकली, असं मानू नये.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत जिगसॉ मावत नाही, जोडतासिका लागते. तेवढा वेळ नसेल तर अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडलेली छोटी रीत घ्या: प्रश्न विचारल्यावर मिनिटभर एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर सांगणं. यात एक भर घालावी. वर्गासमोर सांगताना स्वतःचं नव्हे, शेजाऱ्याचं म्हणणं सांगायला लावा. ऐकलं नसेल तर लगेच कळतं.

आणि गैरहजेरीचं काय? एक मूल आलं नाही तर अख्ख्या गटाची तापी बुडते. त्यासाठी दोन-तीन गट पाच जणांचे करून एकच चिठ्ठी दोघांना द्यावी. ज्या गटात खाडा पडेल तिथे त्या दोघांपैकी एकाला पाठवता येतं.