जेआरएफ लागली, आता दरमहा पैसे?

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली की निकालापासून दरमहा ३७ हजार खात्यात पडू लागतात, हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. निकालानंतर हातात येतं ते फक्त पात्रतेचं पत्र, आणि त्याची मुदत तीन वर्षांची. त्या काळात पीएचडीला प्रवेश घेऊन रुजू व्हावं लागतं. पैसे मोजले जातात ते रुजू झाल्याच्या तारखेपासून. आधीच पीएचडी करत असाल, तर निकाल आणि रुजू होणं यांतली नंतरची तारीख धरतात.

पुढची गोची विद्यापीठात होते. रुजू अहवाल विद्यापीठाने शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरायचा आणि दर महिन्याची हजेरीही तिथूनच निश्चित व्हायची: एकाने नोंदवायची, दुसऱ्याने तपासायची. त्यातला एक बाबू रजेवर गेला की तुमचा हप्ता लटकला! म्हणून विभागातल्या सहीवर थांबू नका, पोर्टलवर नोंद चढली का तेवढं पाहा. खातं आधारशी जोडलेलं हवं.

दोन वर्षांनी ३७ चे ४२ हजारही आपोआप होत नाहीत. समितीने कामाचं मूल्यमापन करून शिफारस करावी लागते. समितीची तारीख दोन महिने आधीच मागा.