परतीच्या पैशापासून रविवारच्या वर्गापर्यंत

परदेशात राबणाऱ्या कामगाराला धंदा शिकवावा, हा विचार तसा अलीकडचा. त्याआधी सरकारांना घाई होती ती त्याला परत पाठवण्याची. १९७३ च्या तेलसंकटाच्या काळात पश्चिम जर्मनीने बाहेरून कामगार आणणं थांबवलं. फ्रान्सने १९७७ मध्ये कायमचं मायदेशी जाणाऱ्याला १०,००० फ्रँक देऊ केले, जर्मनीने १९८३ च्या कायद्याने १०,५०० मार्क. त्या रकमेतून पुढे काय उभं करायचं, हे ज्याचं त्याने बघावं.

कामगारांनी आपणहून केलेली धडपड मला याहून कितीतरी मोलाची वाटते. साठ-सत्तरच्या दशकांत जर्मनीतल्या तुर्की कामगारांनी बचत एकत्र करून मायदेशात कारखाने काढले. त्यांना ‘कामगार कंपन्या’च म्हणत. भागधारक भरपूर, पण कारखाना चालवण्याचा अनुभव कोणाला नाही. जागा निवडली ती बाजारपेठ पाहून नव्हे, आपल्या गावाला काम मिळावं म्हणून. त्यातल्या पुष्कळ बुडाल्या. घाम गाळून जमवलेलं भांडवल केवळ कारभाराची माहिती नसल्यामुळे गेलं, याची आजही हळहळ वाटते.

फिलिपिन्सने १९७४ च्या कामगार संहितेपासून माणसं बाहेर पाठवण्याची सरकारी घडी बसवली. परतणाऱ्यांच्या पुनर्वसनाची तरतूद कायद्यात यायला मात्र १९९५ उजाडलं. खरी सुरुवात त्याच सुमारास हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांच्या बचत गटांतून झाली. बचत परदेशात, गुंतवणूक गावी, हे सूत्र घेऊन १९९६ मध्ये ‘उनलाद कबायान’ ही संस्था उभी राहिली. सिंगापूरमध्ये २००६ साली घरकामगारांना शिकवणारी ‘आयधा’ ही संस्था सुरू झाली: आधी पैशाचं नियोजन, मग धंद्याचा आराखडा. वर्ग रविवारी, कारण हातात तेवढाच दिवस. तिथे घरकामगारांना साप्ताहिक सुट्टीचा कायदेशीर हक्क मिळाला तोही २०१३ पासून. त्याआधी वर्गाला येणं मालकिणीच्या मर्जीवर.

अडचण आणखी एक आहे. सिंगापूरचा वर्क परमिट स्वतःचा व्यवसाय करू देत नाही. आखातातली कफाला पद्धत तर कामगाराला एकाच मालकाशी बांधून ठेवत आली आहे. त्यामुळे शिकायचं परदेशात आणि दुकान थाटायचं गावी. मधली सगळी वर्षं गल्ला सांभाळतो गावाकडचा भाऊ किंवा नवरा, आणि हिशेब विचारायचा तो फोनवरून.